किब्बरला फेब्रुवारीत तासन्‌तास बसून राहायचंय, पाय गरम आणि कोरडे कसे ठेवायचे?

वाळपई_लेन्स

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीत किब्बरला चाललोय हिमबिबट्या बघायला, आम्ही गोव्यातले तिघं आहोत, एक वाळपईचा म्हणजे मी, एक साखळीचा, एक फोंड्याचा. होमस्टे ठरला, स्पॉटर ठरला, कॅमेरा-लेन्सचं काही विचारायचं नाहीये, प्रश्न फक्त पायांचा आहे. जाऊन आलेले सगळे सांगतात की तिथे चालणं कमी आणि बसणं जास्त, स्पॉटरने समोरच्या कड्यावर जनावर शोधून दिलं की ते झोपेतून उठेपर्यंत बर्फावर ट्रायपॉड लावून तीन-चार तास हलायचं नाही. पहाटे उणे वीसच्या आसपास असतं म्हणे. पणजीत डिसेंबरात पारा वीसवर आला की आपण स्वेटर शोधतो, त्यामुळे या थंडीचा मला अंदाजच बांधता येत नाहीये.

मागे उत्तराखंडात चोपत्याला मोनाल पक्षी बघायला गेलेलो तेव्हा दोन जोड मोजे आणि चांगले वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज होते, तरी तासाभरात अंगठे बधिर, आणि ती थंडी किब्बरच्या मानाने काहीच नव्हती. हात खिशात तरी घालता येतात, पायांचं काय करायचं? तिसरा मोजा चढवू? गमबूट चालतील का? बॅटरीवाले मोजे घेऊ? परदेशात शिकारी लोक बर्फात दिवसभर न हलता बसतात असं ऐकलंय, त्यांची काहीतरी पद्धत असणारच, कुणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर लिहा. खर्च करायची तयारी आहे पण चुकीच्या वस्तूवर नको.

सुर्ला_धुकं

गमबूट नको दादा. आमच्याकडे पावसात कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, गमबुटाशिवाय चालत नाही, बाहेरचं पाणी आत येत नाही हे खरं, पण संध्याकाळी बूट काढला की मोजा पिळून काढावा असा घाम असतो, तो आपल्याकडचा घाम वेगळा आणि उणे वीसमधला वेगळा. शिवाय साध्या गमबुटाला आत अस्तर नसतं, नुसतं रबर, बर्फावर ते गारच पडणार.

आणि सुती मोजे अजिबात नकोत. आमचे आजोबा भाताच्या लावणीत कांबळ पांघरून दिवसभर पावसात उभे असायचे, कांबळ भिजून जड व्हायचं पण आत ऊब राहायची. लोकर ओली झाली तरी थोडी तरी ऊब धरते, कापूस भिजला की संपलं. बाकी मला बर्फातलं माहिती नाही, जाणकार सांगतील.

मये_ते_ओंटारियो

वाळपईबाब, मी मूळ मयेचा, नोकरी कॅनडात ओंटारियोत, सध्या सुट्टीला घरी आलोय म्हणून निवांत लिहितो. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहावी हे माझं ठाम मत, पण तिकडे परीक्षा, लायसन्स, ठरलेला मोसम, अंगावर भडक नारिंगी जॅकेट असं सगळं रीतसर असतं. माझ्या कामावरचे दोघे दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात आणि मी नुसता त्यांच्याबरोबर मचाणावर बसायला जातो. तुमचं काम आणि त्यांचं काम पायांच्या दृष्टीने एकच आहे, दबकून जायचं आणि मग गप्प बसायचं.

सगळ्यात मोठी गोष्ट घाम. चढ चढून जागेवर पोचता तेव्हा पाय आतून ओले झालेले असतात, चालताना रक्त खेळत असतं म्हणून कळत नाही, बसलात की थोड्याच वेळात तोच ओलावा पायातली ऊब खेचायला लागतो. पाणी स्थिर हवेच्या साधारण पंचवीस पट उष्णता वाहून नेतं, म्हणजे मोजा दमट झाला की बूट कितीही महाग असो उपयोग नाही. चोपत्याला तुमचं बहुतेक हेच झालं असणार, वॉटरप्रूफ बूट बर्फाचं पाणी अडवतो, पण थंडीत आतली वाफही त्यातून नीट बाहेर पडत नाही, गार थराला लागून तिथेच पाणी होते.

म्हणून तिकडचे जुने शिकारी जागेपर्यंत जातात ते पातळ मोजे आणि हलके बूट घालून, जॅकेटची चेन उघडी ठेवून, मुद्दाम हळू, अंगाला थोडं गारच वाटेल इतपत. जाड बूट आणि कोरडे लोकरी मोजे पिशवीत घालून पाठीवर. मचाणापाशी पोचलं की पाच मिनिटं थांबायचं, ओला मोजा काढायचा, पाय कापडाने कोरडा पुसायचा, कोरडा मोजा आणि जाड बूट चढवायचा. उणे तापमानात पाय उघडा करायचा म्हणजे पहिल्यांदा भीती वाटते, पण एका वेळी एक पाय केला तर मिनिटभराचं काम आहे. मला यातलं एकच काहीतरी सांगायची परवानगी दिली तर मी हेच सांगेन.

तिसरा मोजा नको. खरं तर तोच बऱ्याच जणांचा घात करतो. मोजे वाढवले की बूट घट्ट होतो, पायाच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि लोकरीत अडकलेली हवा, जी खरी ऊब धरते, तीच चेपून निघून जाते. एक पातळ मोजा आतून, पॉलिएस्टरचा किंवा पातळ मेरिनो लोकरीचा, त्यावर एक जाड लोकरी, बास. बूट घेताना हे दोन्ही घालूनच मापाला बसवा, बहुतेक एक नंबर मोठा लागेल, आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. लेसही घोट्यापाशी करकचून बांधू नका.

बुटाचं सांगायचं तर तिकडे थंडीच्या बुटावर ग्रॅम लिहिलेले असतात, २००, ४००, ८००, १००० असे, ते आतल्या थिन्सुलेटसारख्या अस्तराचं दर चौरस मीटरचं वजन असतं, बुटाचं वजन नव्हे. चालणाऱ्याला २००-४०० पुरतं, बसणाऱ्याला ८०० च्या पुढचं पाहिजे. लोक उलटं करतात, हजार ग्रॅमचा बूट घालून डोंगर चढतात आणि आत तळं करून ठेवतात. बसायला मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो पॅक बूट, खाली रबर, वर चामडं किंवा नायलॉन, आणि आत फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, वेगळा मोजासारखा लाइनर जो रात्री बाहेर काढून वाळवता येतो. हे रबर-चामड्याचं लग्न शिकाऱ्यानेच लावलंय, अमेरिकेत मेन राज्यातला लिऑन बीन शिकारीत पाय ओले होऊन वैतागला आणि त्याने रबराच्या तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला, १९१२ मध्ये पहिले शंभर जोड विकले, त्यातले नव्वद टाके उसवून परत आले, गड्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि बूट सुधारून पुन्हा विकायला काढला. तो आजही मिळतो.

आता राहिली जमीन. तुम्ही हवेतली थंडी धरून चाललाय पण बसल्यावर तळव्यातून बर्फात जाणारी ऊब थांबवणं जास्त महत्त्वाचं. ट्रेकवाले झोपायला वापरतात ती फोमची चटई घ्या, बंद पेशींची, पाणी न शोषणारी, तिचे दोन तुकडे कापा, एक बुडाखाली एक पायांखाली. लोखंडी मचाणावर शिकारी जुन्या गालिच्याचा तुकडा टाकतात, तेच. याचा खर्च जवळजवळ शून्य आणि फरक लगेच कळतो.

पेडण्याचा_फौजी

मयेकर भाऊंनी मुद्देसूद लिहिलंय. मी उंचावरच्या पोस्टवर नोकरी केलीय, जागा लिहित नाही. थोडी भर घालतो.

पाय गार पडले तर आधी डोकं, मान आणि पोट बघायचं. अंगाचा मधला भाग गार व्हायला लागला की शरीर हातापायांचं रक्त कमी करतं आणि आतल्या अवयवांना देतं, ते त्याचं कामच आहे. छातीवर एक जॅकेट वाढवलं तर पायाला गरम वाटतं हे नव्या पोरांना पटायचं नाही, पण करून बघा. मांड्या आणि पोटऱ्यांवर पण थर्मल पाहिजे, लोक वर चार थर घालतात आणि खाली एक पँट.

रोज रात्री जोडीदाराने एकमेकांचे पाय बघायचे. लाज नाही. बोटांच्या मधे, टाचेला, नखांच्या कडेला. आमच्यात हे सक्तीचं असायचं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या पाण्यात उभं राहून हजारो ब्रिटिश सैनिकांचे पाय सडले, तेव्हापासून जगभरच्या फौजा मोजे बदलणं आणि पाय तपासणं यावर अडून असतात. आणि त्याला बर्फ लागत नाही, नुसतं गार पाणी आणि वेळ पुरतो.

रात्री झोपायचे मोजे वेगळे ठेवायचे, ते दिवसा कधीच घालायचे नाहीत. काहीही झालं तरी एक जोड कोरडी राहिलीच पाहिजे, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून.

आणि फेणी नेऊ नका. गोवेकर आहात म्हणून स्पष्ट लिहितो. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, अंगाला गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते, वर त्या उंचीवर दारू तशीही वाईट. बिडी-सिगरेट उलट वाहिन्या आवळते, बोटांना मिळणारं रक्त अजून कमी.

वाळपई_लेन्स

देव बरें करूं मंडळी, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. मयेकरदादा, दोन प्रश्न. पायावर प्लास्टिकची पिशवी घालायची युक्ती कुठेतरी ऐकली होती, ती खरी का? आणि ती गरम होणारी पाकिटं मिळतात ना, पायाच्या बोटांना चिकटवायची, ती घेऊ का? फोंड्याच्या मित्राला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, त्याच्यासाठी काही वेगळं बघायला लागेल का तेही कुणी सांगा.

मये_ते_ओंटारियो

पिशवीची युक्ती खरी आहे. पातळ मोजा, त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड लोकरी मोजा. घाम पिशवीच्या आतच राहतो, पातळ मोजा ओला होतो पण जाड मोजा आणि बुटाचा लाइनर कोरडा राहतो, आणि ऊब त्या जाड थरातच असते. अमेरिकन फौजेचे कोरियन युद्धाच्या वेळचे फुगीर रबरी बूट याच तत्त्वावर होते, आतबाहेर रबर आणि मधे अस्तर बंद केलेलं, पांढरे तर उणे पन्नासच्याही खाली चालतात. पण हे बसण्यापुरतं, चालताना नाही, आणि खोलीवर आलात की लगेच काढायचं.

अजून एक, घाम कमीच यावा म्हणून काही शिकारी काखेत लावायचं ॲल्युमिनियमवालं अँटिपर्स्पिरंट आठवडाभर आधीपासून रोज रात्री तळपायाला लावतात. नुसतं वासाचं डिओ नाही, डब्यावर अँटिपर्स्पिरंट लिहिलेलं पाहिजे. मला त्याने फरक पडतो.

पाकिटांबद्दल किब्बरला गेलेल्या कुणीतरी सांगावं, माझा अनुभव सपाटीवरचा आहे.

म्हापसा_सिस्टर

मी नर्स आहे, पिशवीवरून थोडं लिहिते. तिचं तत्त्व बरोबर आहे पण तासन्‌तास ओल्या मोज्यात पाय ठेवलात की कातडी पांढरी पडून सुरकुतते, आपल्याकडे पावसात चिखल्या होतात ना तशीच सुरुवात. एक-दोन तास ठीक, दिवसभर रोज नको, आणि काढल्यावर बोटांच्या मधलं पूर्ण कोरडं करून पावडर लावा. अँटिपर्स्पिरंट आधी घरी थोडं लावून बघा, काहींना आग होते, आणि भेगा असतील तर लावूच नका.

तुमच्या फोंड्याच्या मित्राबद्दल मला जास्त काळजी वाटते. मधुमेहात पायाच्या नसा मंद झालेल्या असू शकतात, त्याला गार पडलेलं कळणारच नाही, आणि भाजलेलं पण कळणार नाही. म्हणून त्याने गरम पाकिटं कातडीला लावू नयेत, बॅटरीवाले मोजेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, आणि जायच्या आधी डॉक्टरकडून पायाची तपासणी करून घ्यावी, बोटाला स्पर्श कळतो का, पायातल्या नाडीचे ठोके लागतात का. इतक्या उंचीवर जाऊ की नको तेही त्याच भेटीत विचारू दे. गेलाच तर त्याचे पाय दिवसातून दोनदा दुसऱ्या कुणीतरी डोळ्याने बघायचे, "तुला काय वाटतं" असं विचारून भागणार नाही.

बाकीच्यांसाठी, पाय दुखतायत, झिणझिण्या येतायत तोपर्यंत वेळ आहे, उठा, हालचाल करा. दुखायचं थांबलं आणि बोट लाकडासारखं लागायला लागलं, रंग पांढरट-मेणचट झाला, तर फोटो सोडा आणि खाली चला. चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबात चोळायचं नाही, आपल्या घरी अजून तसं सांगतात. शेगडीजवळ पाय धरायचा नाही, बधिर कातडी भाजते आणि कळत नाही. ३७ ते ३९ अंशाच्या पाण्यात, म्हणजे कोपर बुडवून सुखाचं कोमट वाटेल अशा, अर्धा तास ठेवायचा, पाणी गार झालं की कोमट घालत राहायचं, दुखेल बरंच. पण जर परत बर्फातून चालत जायचं असेल आणि पाय पुन्हा गोठायची शक्यता असेल तर मधेच ऊब देऊ नका, दुसऱ्यांदा गोठलेलं बोट पहिल्यापेक्षा जास्त खराब होतं. आणि नंतर डॉक्टर, काझाला.

मडगावची_मैना

मी किब्बरला जाऊन आलेय, फेब्रुवारीतच, हिमबिबट्या दिसला, मादी आणि दोन मोठी पिल्लं, अजून अंगावर काटा येतो. पायांचं सांगते.

गाव ४२०० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साठ टक्के धरा, आणि ती पाकिटं आतल्या लोखंडाच्या भुकटीचा ऑक्सिजनशी संयोग होऊन गरम होतात, त्यात परत बुटाच्या आत कोंडलेली हवा. त्यामुळे मडगावला घरात चटका बसेल इतकं गरम झालेलं पाकीट तिथे नुसतं कोमट होतं. आणायची असतील तर पायासाठी म्हणून वेगळी मिळतात ती आणा, ती कमी हवेत चालायला बनवलेली असतात, बूट घालायच्या आधी दहा मिनिटं उघड्यावर ठेवून तापवा, आणि मोज्याच्या वर, बोटांच्या वरच्या बाजूला चिकटवा, तळव्याखाली टोचतात. त्यांच्यावर सगळा भार टाकू नका, जादाची मदत म्हणून ठीक.

बॅटरीवाले मोजे आमच्यातल्या एकाकडे होते, त्याला आवडले, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून तो फक्त शेवटच्या तासाला चालू करायचा. विमानतळ दाबोळी असो की मोपा, सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, हातातल्या सामानात ठेवा, कॅमेऱ्याच्या पण.

आता गोव्यातल्या लोकांसाठी खास, कारण हे बाहेरचे कुणी सांगत नाहीत. कपाटात पडून असलेले जुने ट्रेकिंग शूज नेणार असाल तर आत्ताच बाहेर काढून तळ वाकवून बघा. बऱ्याच बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि आपल्या दमट हवेत न वापरता ठेवला की तो हळूहळू कुजतो, वरून बूट नवा दिसतो आणि चालायला लागलं की तळ भुगा होऊन सुटतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचा वाटेत नाको गावातच सुटला, पुढे काझापर्यंत दोरीने बांधून आणला. वाळपईला पाऊस किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही नक्की बघा.

वाळवण्याचं सांगायचं तर तिथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, हवा प्रचंड कोरडी. गोव्यात जो मोजा तीन दिवस वाळत नाही तो तिथे तंदूरच्या खोलीत रात्रीत खडखडीत होतो. तंदूर म्हणजे मधे असते ती लोखंडी शेगडी, तिच्यावर दोरी बांधलेली असते. मोजे, लाइनर, आतले सोल सगळं सुटं करून दोरीवर टाकायचं, बूट मात्र शेगडीपासून लांब, चामडं तडकतं आणि डिंक सुटतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. वाळलेले लाइनर रात्री ब्लँकेटमधे घेऊन झोपा, सकाळी गोठलेल्या बुटात पाय घालणं फार वाईट, त्यानंतर दुपारपर्यंत पाय गरम होत नाही.

बसून असताना पूर्ण पुतळा व्हायची गरज नाही बरं का, जनावर बऱ्याचदा समोरच्या डोंगरावर पार लांब असतं. आवाज नको आणि ट्रायपॉड हलायला नको एवढंच. बुटाच्या आत बोटं मुठीसारखी आवळायची-सोडायची, टाचा उचलायच्या, पोटऱ्या ताणायच्या, दर थोड्या वेळाने, गार वाटायची वाट न बघता. आणि बर्फ चढायच्या वाटेला पायाने घट्ट झालेला असतो, काचेसारखा गुळगुळीत, बुटावर चढवायचे साखळीचे काटे घ्या. दोन बूट नेणार असाल तर काटे हलक्या बुटाच्या मापाचे घ्या, चालायचं त्यात आहे.

सुर्ला_धुकं

मैनाताई, त्या दोन बुटांचं वजन होत नाही का? लेन्स, ट्रायपॉड आणि वर बूट, त्या उंचीवर?

मडगावची_मैना

होतं. म्हणून मी वेगळं केलं, एकच मध्यम जाडीचा बूट आणि बसल्यावर त्याच्यावरून चढवायचं जाड कापसासारखं भरलेलं खोळीचं आवरण, शिकारीच्या सामानात बूट-कव्हर म्हणून मिळतं, जवळजवळ बिनवजनाचं. आतला मोजा मात्र बदलायचाच, त्यात सूट नाही. आमच्या स्पॉटरने ते बघून दुसऱ्या दिवशी जुन्या स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग आणून दिला, दोन्ही पाय बुटासकट त्यात घालून बसायचं. तो तर त्याहून सरस निघाला. घरी फाटकी स्लीपिंग बॅग असेल तर टाकू नका.

वाळपई_लेन्स

साखळीच्या मित्राकडे फाटकी स्लीपिंग बॅग आहे, आज संध्याकाळीच कापायला घेतो. जुने शूज आत्ता काढून वाकवून बघितले, मैनाताई, टाचेपाशी बारीक भेग दिसतेय, ते नाही नेणार. फोंड्याच्या मित्राला सिस्टरनी लिहिलेलं सगळं वाचायला पाठवलं, त्याने डॉक्टरची वेळ घेतली. मयेकरदादा, तुम्ही मयेत किती दिवस आहात? तो फेल्टचा लाइनर प्रत्यक्ष बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

मये_ते_ओंटारियो

लाइनर इथे नाही आणला, मयेत कशाला लागतोय. पण जाड लोकरी मोजे दोन जोड आहेत, विमानात घातले होते, रविवारी या आणि घेऊन जा, धुवून ठेवतो. बूट ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे मोजे घालून पायाचं माप घ्या, संध्याकाळी घ्या, पाय दिवसभरात थोडा फुगतो.